अभिनय, गायन ते दिग्दर्शन : डेबी ॲलन यांची कारकीर्द

प्रस्तावना :
अमेरिकन दूरचित्रवाणीवर अभिनय, गायन, नृत्य आणि दिग्दर्शन या चारही क्षेत्रांत कर्तृत्व गाजविणाऱ्या कलावंतांमध्ये डेबी ॲलन यांचे नाव महत्त्वाचे आहे. कृष्णवर्णीय कलावंतास पडद्यावर स्थान मिळणे आणि पडद्यावर काय दाखवावयाचे हे ठरविण्याचा अधिकार मिळणे, या दोन भिन्न बाबी आहेत. या भेदाच्या आधारे त्यांच्या कारकिर्दीचे स्वरूप स्पष्ट करण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

जडणघडण :
ॲलन यांचा जन्म १६ जानेवारी १९५० रोजी टेक्सास राज्यातील ह्यूस्टन येथे झाला. आई व्हिव्हियन एयर्स या कवयित्री, तर अभिनेत्री फिलिशिया रशाद या भगिनी होत. वर्णभेदामुळे बॅले प्रशिक्षणाचा प्रवेश त्यांना प्रारंभी नाकारला गेला. १९७१ मध्ये त्यांनी हॉवर्ड विद्यापीठाची पदवी संपादन केली. कृष्णवर्णीयांच्या उच्चशिक्षणाची मोठी परंपरा असलेल्या या विद्यापीठातील अनुभव त्यांच्या पुढील कार्याची शिदोरी ठरला.

रंगभूमी आणि 'फेम' :
'रेझिन' (१९७३) या संगीतिकेने त्यांना ब्रॉडवेवर ओळख मिळवून दिली. 'वेस्ट साइड स्टोरी'च्या १९८० मधील पुनर्निर्मितीत गायन, नृत्य व अभिनय यांची एकत्रित कसोटी पाहणाऱ्या अनिताच्या भूमिकेसाठी त्यांना टोनी नामांकन लाभले. 'फेम' (१९८२-८७) या मालिकेत त्यांनी नृत्यशिक्षिका लिडिया ग्रँट साकारली. नृत्यदिग्दर्शनासाठी एमी पुरस्कार मिळविले आणि काही भागांचे दिग्दर्शनही केले.

'अ डिफरंट वर्ल्ड' :
अमेरिकन मालिकांत दिग्दर्शक सामान्यतः भागागणिक बदलतो. आशयाचे निर्णय निर्माते व लेखक घेतात. ॲलन यांनी १९८८ मध्ये, दुसऱ्या पर्वापासून, या मालिकेची निर्मिती व दिग्दर्शन अशी दुहेरी जबाबदारी स्वीकारली, हे येथे निर्णायक ठरते. हिलमन या काल्पनिक कृष्णवर्णीय महाविद्यालयात घडणाऱ्या या मालिकेच्या पहिल्या पर्वात महाविद्यालयीन वास्तव अभावानेच आढळत होते. ॲलन यांनी लेखकांना अटलांटा येथील स्पेलमन व मोअरहाऊस महाविद्यालयांत नेले आणि विद्यार्थ्यांशी प्रत्यक्ष संवाद घडवून आणला. परिणामी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी व्यवहार करणाऱ्या कंपनीची शिष्यवृत्ती स्वीकारावी काय, एड्सग्रस्त सहाध्यायीशी कसे वागावे, असे प्रश्न विनोदी मालिकेच्या चौकटीत आले. १९९३ पर्यंत चाललेल्या या मालिकेचे निम्म्याहून अधिक भाग त्यांनी स्वतः दिग्दर्शित केले.

समारोप :
२००१ मध्ये त्यांनी लॉस एंजेलिस येथे नृत्य अकादमी स्थापन केली. 'ग्रेज ॲनाटमी'मध्ये अभिनयाबरोबरच दिग्दर्शन व कार्यकारी निर्मितीही केली. २०२५ मध्ये त्यांना मानद ऑस्कर प्रदान करण्यात आला. तथापि, त्यांचे खरे योगदान पुरस्कारांच्या संख्येत नाही. ज्या समाजाचे चित्रण करावयाचे, त्या समाजाच्या शिक्षणसंस्थांत जाऊन ऐकण्याची शिस्त त्यांनी निर्मितीप्रक्रियेत रुजविली. निर्णयाचे स्थान बदलले की आशयही बदलतो, हे त्यांच्या कारकिर्दीवरून स्पष्ट होते.