फाइल नेमकी आहे कुठे?

मार्च-एप्रिल आला, प्रोजेक्ट सबमिशनच्या तारखा लागल्या, की दीपनगर, फेकरी, वरणगावहून भुसावळ-जळगावच्या कॉलेजांत जाणाऱ्या मुलांच्या तोंडी एक वाक्य हमखास येतं : "सर, फाइल उडाली." फाइल क्वचितच आपोआप उडते. बहुतेक वेळा ती घालवतात ऐकीव समजुती.

त्यातली सगळ्यात महागात पडणारी समजूत म्हणजे, लॅबच्या कॉम्प्युटरवर डेस्कटॉपला सेव्ह केलेलं उद्या तिथेच सापडेल. अनेक कॉलेजांच्या लॅबमध्ये 'डीप फ्रीझ' किंवा तशाच कामाचं सॉफ्टवेअर बसवलेलं असतं. एका मशीनवर दिवसभर बॅचमागून बॅच बसते. कुणी सेटिंग बदलतं, कुणाच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येतो. म्हणून मशीन रीस्टार्ट झालं की सी ड्राइव्ह ठरवून दिलेल्या मूळ स्थितीला परत जातो आणि मधले सगळे बदल पुसले जातात. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स ही फोल्डरं सहसा सी ड्राइव्हवरच असतात. अशी गेलेली फाइल रीसायकल बिनमध्येही मिळत नाही, कारण ती कुणी डिलीट केलेलीच नसते. लाइट गेली आणि यूपीएसने साथ दिली नाही, तरी परिणाम तोच. तेव्हा टर्मच्या पहिल्याच दिवशी लॅब असिस्टंटना विचारा, "सर, यातला कोणता ड्राइव्ह फ्रीझ आहे?" या एका प्रश्नाने सेमिस्टरचं काम वाचू शकतं.

"आता पेन ड्राइव्ह इजेक्ट करावा लागत नाही" हे मुलं खात्रीने सांगतात. यात अर्धं सत्य आहे. विंडोज 10च्या 2018च्या अखेरीस आलेल्या 1809 आवृत्तीपासून मायक्रोसॉफ्टने पेन ड्राइव्हसाठी इजेक्ट न करता काढू देणारी 'क्विक रिमूव्हल' ही मूळ सेटिंग केली. पण लॅबमधलं मशीन जुन्या विंडोजवर असू शकतं, आणि नव्या विंडोजवरही लिहिणं चालू असताना पेन ड्राइव्ह ओढला तर फाइल करप्ट होतेच. खरा धोका असतो पेन ड्राइव्हवरूनच वर्डची फाइल उघडून तासभर टाइप करण्यात. त्यापेक्षा फाइल आधी कॉम्प्युटरवर घ्या, काम करा, परत कॉपी करा, इजेक्ट करा. मग पेन ड्राइव्ह पुन्हा लावून फाइल उघडते का, तेही बघा. ही शेवटची पायरी जवळजवळ सगळे गाळतात.

झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलं, की फोल्डरच्या जागी एक-दोन केबीचे शॉर्टकट दिसतात आणि मित्र सांगतो, "डेटा गेला, फॉरमॅट मार." अजिबात मारू नका! शॉर्टकट व्हायरस बहुधा मूळ फोल्डर नुसतं लपवतो. शॉर्टकटवर डबल क्लिक न करता अँटिव्हायरस चालवा. मग फोल्डर ऑप्शन्समध्ये लपलेल्या फाइली दाखवण्याची खूण करा आणि 'प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' लपवण्याची खूण काढा. फोल्डर फिकट दिसेल, पण दिसेल. शॉर्टकटला हलकं मात्र समजू नका. 2010 मध्ये उघडकीस आलेला स्टक्सनेट हा घातक प्रोग्राम विंडोजच्या शॉर्टकट दाखवण्यातल्याच एका त्रुटीचा फायदा घेत पेन ड्राइव्हवरून पसरत होता आणि इंटरनेटला न जोडलेल्या इराणच्या नतान्झ अणुप्रकल्पापर्यंत पोचला. दीपनगरच्या वीजकेंद्रात किंवा कुठल्याही कारखान्यात ट्रेनिंगला गेलात, तर तिथल्या मशीनला परवानगीशिवाय स्वतःचा पेन ड्राइव्ह लावायचा नाही तो यासाठी.

मराठीतून रिपोर्ट लिहिणाऱ्यांची अडचण वेगळीच असते. घरी नीट दिसणारी फाइल कॉलेजात उघडली की निरर्थक इंग्रजी अक्षरं दिसतात आणि ती करप्ट ठरवली जाते. फाइल धडधाकट असते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या कोडवर बसवलेली असतात. तो फॉन्ट त्या मशीनवर नसला की खालचं इंग्रजी वर येतं. फॉन्ट टाकला की मजकूर परत दिसतो. युनिकोडमध्ये टाइप केलं तर हा प्रश्न येत नाही, आणि प्रिंटला देताना फॉन्टसकट पीडीएफ द्यावी.

16 जीबीच्या पेन ड्राइव्हवर 14.9 दिसतं ही फसवणूक नव्हे. कंपनी जीबी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज 1024च्या. जागा असून 4 जीबीचा व्हिडिओ जात नसेल, तर पेन ड्राइव्ह 'फॅट32' आहे. डेटा दुसरीकडे ठेवून तो 'एक्सफॅट'मध्ये फॉरमॅट करावा.

"गूगल ड्राइव्हवर आहे ना, मग बॅकअप झालाच" हेही पुरतं खरं नाही. सिंक चालू असेल तर एकीकडे डिलीट केलेलं सगळीकडून जातं, आणि ट्रॅशमधून 30 दिवसांनी कायमचं. बॅकअप आहे असं मानणं आणि तो उघडून बघणं यात केवढं अंतर आहे, ते पिक्सार या ॲनिमेशन स्टुडिओला 1998 मध्ये कळलं. 'टॉय स्टोरी 2'च्या बहुतांश फाइली चुकीच्या कमांडने पुसल्या गेल्या, तेव्हा बॅकअप नीट चालत नसल्याचं लक्षात आलं. चित्रपट वाचला, कारण तिथेच काम करणाऱ्या गॅलिन सुसमन यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. पेन ड्राइव्ह आणि लॅपटॉप एकाच सॅकमध्ये असतील, तर त्या दोन जागा धरू नका. सॅक बसमध्ये राहिली की दोन्ही गेले. एक प्रत घरी असू द्या. आणि काम कॉलेजच्या ईमेल खात्यात असेल, तर शेवटचा पेपर व्हायच्या आधीच ते स्वतःच्या खात्यात उतरवून घ्या, कारण पास झाल्यावर ते खातं बंद होऊ शकतं.