शूटिंग रेंजवरच्या रिकाम्या पुंगळ्या आणि घरात येणारे शिसे

डोंबिवलीचा पस्तिशीतला एक रुग्ण पोटात कळा, बद्धकोष्ठता आणि थकवा या तक्रारी घेऊन माझ्याकडे येत होता. हिमोग्लोबिन थोडे कमी होते. पहिल्या दोन वेळा मीही आम्लपित्ताची औषधे दिली. तिसऱ्या वेळी विचारले, "दिवसभर नेमके काम काय करता?" तो म्हणाला, "रेंजवर झाडलोट करतो. गोळ्यांच्या रिकाम्या पुंगळ्या वेचून गोण्या भरतो." मग हसून पुढे म्हणाला, "थोड्या घरी नेतो. मुलगी भातुकलीत पेले म्हणून वापरते."

मुलगी चार वर्षांची होती. दोघांचे रक्त तपासले आणि दोघांच्याही रक्तात शिसे जास्त निघाले.

पुंगळी पितळेची, मग शिसे कुठून?

पितळ म्हणजे तांबे आणि जस्त. आपल्या अंबरनाथच्या आयुध निर्माणीत दारूगोळ्यासाठी लागणारे पितळ तयार होते. धोका या पितळेचा नाही, त्यावर बसलेल्या धुळीचा आहे. गोळी बहुधा शिशाची असते. पुंगळीच्या बुडाशी ठिणगी पाडणारा जो मसाला असतो, त्यातही अनेकदा शिशाचे संयुग असते. गोळी सुटताना त्याचा धूर होतो आणि त्याची बारीक पूड नेमबाजाच्या हातावर, जमिनीवर आणि पुंगळीच्या आतबाहेर बसते. ही पूड डोळ्यांना सहज दिसत नाही आणि तिला वासही नसतो.

दहा मीटरच्या एअर रायफलमध्ये दारू नसते, त्यामुळे धूर नाही. पण छर्रे बहुधा शिशाचेच असतात. सरावानंतर हात धुणे तिथेही आवश्यक आहे.

पुंगळ्या गोळा कशासाठी करतात?

काही देशांत हौशी नेमबाज पुंगळ्या साफ करून त्यात पुन्हा दारू आणि गोळी भरतात. साफ करण्यासाठी त्या यंत्रात मक्याच्या कणसाच्या भुशात घोळवतात. त्या भुशाच्या धुळीत बरेच शिसे उतरते. आपल्याकडे परवान्याशिवाय काडतुसे बनवणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे. शिवाय स्वप्नील कुसाळेने २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये ज्या पन्नास मीटर रायफल प्रकारात कांस्यपदक मिळवले, त्यातल्या 'पॉइंट टू टू' काडतुसाची कड एकदा ठोकली गेली की ती पुंगळी पुन्हा भरण्याजोगी राहत नाही. अशी पुंगळी शेवटी भंगारातच जाते.

भंगारात दोन धोके आणखी आहेत. ढिगात एखादे न उडालेले काडतूस राहिले तर ते भट्टीत फुटते. आणि पितळ वितळवताना जस्ताचा धूर छातीत गेला, तर काही तासांनी थंडी वाजून ताप येतो, अंग दुखते. तो मलेरिया किंवा फ्लू वाटू शकतो.

शरीरात काय होते?

शिसे मुख्यतः तोंडावाटे आणि श्वासावाटे जाते. मोठ्यांमध्ये पोटदुखी, बद्धकोष्ठता, डोकेदुखी, चिडचिड, रक्तक्षय, वाढलेला रक्तदाब आणि मूत्रपिंडांना इजा होऊ शकते. गर्भवतीच्या रक्तातले शिसे वारेतून बाळापर्यंत पोहोचते. लहान मुलांचा मेंदू वाढत असतो, म्हणून थोडे शिसेही त्यांच्या शिकण्यावर आणि वागण्यावर परिणाम करते. अनेकदा कोणतेच लक्षण दिसत नाही.

तपासणी आणि उपचार

शिरेतून रक्त घेऊन 'ब्लड लेड लेव्हल' ही तपासणी करतात. नेहमीच्या रक्ततपासणीत शिसे कळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२१ च्या सूचनांनुसार पातळी डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त असेल, तर शिसे कुठून येते ते शोधून थांबवावे. तरीही शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानलेली नाही. संपर्क थांबला की रक्तातले शिसे साधारण महिनाभरात निम्मे होते, हाडांतले मात्र वर्षानुवर्षे राहते. शिसे बाहेर काढणारी औषधे फार वाढलेल्या पातळीसाठी असतात आणि ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच द्यावी लागतात.

रेंजवर काम किंवा सराव करत असाल तर

- कोरडा झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.
- पुंगळ्या उचलताना हातमोजे घाला. टोपीत किंवा खिशात भरू नका.
- तिथे खाणे, चहा, तंबाखू, विडी टाळा.
- साबण आणि पाण्याने हात-तोंड धुवा. सॅनिटायझरने शिसे निघत नाही.
- कपडे तिथेच बदला, न झटकता वेगळे धुवा. चपला-बूट घराबाहेर ठेवा.
- एकही पुंगळी घरी नेऊ नका, शोभेसाठीही नाही.

मुलांना वेळेवर जेवण आणि लोह-कॅल्शियम असलेले पदार्थ द्या: नाचणी, दूध, पालेभाज्या. त्याने शिसे कमी शोषले जाते, पण हा उपचाराला पर्याय नाही.

माझ्या रुग्णाने काम सोडले नाही, कारण ते त्याला परवडणारे नव्हते. त्याने काम करण्याची पद्धत बदलली. घरातल्या पुंगळ्या काढल्या, फरशी ओल्याने पुसली. तीन महिन्यांनी बापलेकीची पातळी उतरली होती. मुलीची तपासणी अजून चालू आहे.

डॉक्टरांकडे गेलात की लक्षणांबरोबर आपले कामही सांगा. त्यांनी विचारले नाही तरी सांगा.