हळू पळायला शिकवणारी चाचणी

पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या पोरांना फिटनेस टेस्ट म्हणजे काय ते सांगावं लागत नाही. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800. स्टॉपवॉच थांबलं की गुण ठरले. क्रिकेटमुळे यो-यो टेस्टचं नावही घरोघरी पोचलं, पण तिथेही सवाल एकच: पास की नापास? नोकरी किंवा दुकान सांभाळून हाफ मॅरेथॉनची तयारी करणाऱ्या हौशी माणसाला मात्र कुठेच भरती व्हायचं नसतं. चाचणीकडून त्याला हवं असतं ते वेगळंच उत्तर: उद्या सकाळी मी किती हळू पळू?

हो, हळूच. नॉर्वेत काम करणारे शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टीफन सायलर यांनी अव्वल धावपटू, नौकानयनपटू, स्कीपटू यांच्या सरावाच्या नोंदी तपासल्या, तेव्हा साधारण 80 टक्के सत्रं अगदी आरामाची निघाली. आपल्याकडचा हौशी गडी रोज ‘जरा जोरात’ पळतो. परिणामी त्याचा हलका दिवस हलका राहत नाही, आणि जोराच्या दिवशी पायात जोर उरत नाही.

हलकं आणि जोराचं यांच्यामधली रेघ शरीर स्वतःच आखतं. संथ पळतानाही स्नायूंत लॅक्टेट तयार होतच असतं. पण हृदय आणि इतर स्नायू ते इंधन म्हणून वापरून टाकतात. वेग वाढत गेला की एका टप्प्यावर तयार होणं खपण्याच्या पुढे जातं. तिथून पुढे दम फार काळ टिकत नाही. ‘लॅक्टिक ॲसिड साचलं म्हणून दुसऱ्या दिवशी पाय दुखतात’ हे जिममधलं लाडकं वाक्य मात्र सोडून द्यावं. पळणं थांबल्यावर तासा-दीड तासात लॅक्टेट पूर्वपदावर येतं.

प्रयोगशाळेत ही रेघ बोटातून थेंब थेंब रक्त घेऊन शोधतात. कोकणात, गणपतीपुळ्यात राहणाऱ्याला तसं करायची गरज नाही. एक दिवस 1200 मीटर आणि दोन-तीन दिवसांच्या विश्रांतीनंतर 3600 मीटर, दोन्ही पूर्ण ताकदीनं पळायचं. समजा पहिलं अंतर 5 मिनिटांत आणि दुसरं 16 मिनिटं 40 सेकंदांत झालं. अंतरांतला फरक 2400 मीटर, वेळेतला 700 सेकंद. भागाकार केला की सेकंदाला सुमारे 3.43 मीटर, म्हणजे किलोमीटरला 4 मिनिटं 52 सेकंद. हा त्या माणसाचा क्रिटिकल स्पीड, वर सांगितलेल्या रेघेचा कामचलाऊ अंदाज. इंटरव्हल या आकड्याच्या आसपास करायचे. लाँग रन मात्र त्याहून किलोमीटरमागे मिनिटभर तरी सावकाश, आणि तेही संथ वाटलं तर आणखी सावकाश.

आता खरी अडचण: हे पळायचं कुठे? पुळण समोरच आहे आणि मोह होतोच. पण 1998 साली बेल्जियमच्या संशोधकांनी मोजलं, तेव्हा वाळूत पळायला कडक जमिनीपेक्षा 1.6 पट ऊर्जा लागते असं दिसलं. ओहोटीला ओली वाळू घट्ट असते, भरतीच्या रेषेच्या वर ती भुसभुशीत. शिवाय किनारा समुद्राकडे कललेला, म्हणजे जाताना एक पाय खाली तर येताना दुसरा. ओहोटीची वेळ रोज पाऊण तासाहून जास्त पुढे सरकते, त्यामुळे ठरावीक वारी सकाळी सहाला गेलात तरी पायाखाली दर आठवड्याला वेगळीच वाळू. सराव वाळूत खुशाल करा, चाचणी नको. ती मालगुंडच्या बाजूला किंवा भंडारपुळ्याकडे, रस्त्याचा सपाट तुकडा मोजून, वाहनं सुरू व्हायच्या आत उरकावी. (पोहण्याची चाचणी तर या समुद्रात कुणी मनातही आणू नये, इथे किती पर्यटक बुडाले ते गावाला विचारा.)

मनगटावरच्या घड्याळालाही वाळू कळत नाही. ते वेग आणि नाडी यांची सांगड घालून ‘व्हीओटू मॅक्स’ काढतं. वाळूत वेग पडला, ठोके चढले की तुमची क्षमता घसरली असं बेधडक जाहीर करतं. व्हीओटू मॅक्स म्हणजे शरीर मिनिटाला जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकतं ते. ही कल्पना 1920च्या दशकात शरीरक्रियाशास्त्रज्ञ ए. व्ही. हिल यांनी मांडली. नोबेल मिळालेला हा गृहस्थ मापनासाठी स्वतः हवेची पिशवी पाठीला बांधून गवतावर गोल गोल पळाला होता. आकडा महत्त्वाचा खरा, पण त्यावर झोप उडवू नये. मॅरेथॉनची एकेकाळची विश्वविक्रमवीर पॉला रॅडक्लिफ हिच्या चाचण्या शरीरक्रियाशास्त्रज्ञ अँड्र्यू जोन्स यांनी वर्षानुवर्षं घेतल्या. तिचा व्हीओटू मॅक्स फारसा हललाच नाही. त्याच वेगाला लागणारा ऑक्सिजन मात्र कमी कमी होत गेला.

कोकणातली दुसरी गडबड हवेची. स्नायूंनी खर्च केलेल्या ऊर्जेतला तीन चतुर्थांशाहून जास्त भाग उष्णता होऊन बाहेर पडतो. ती घालवायची तर घाम वाळला पाहिजे. मे महिन्यात दमट हवेत तो वाळत नाही, नुसता निथळतो. शरीर मग जास्त रक्त कातडीकडे वळवतं, घामामुळे रक्तातलं पाणी घटतं, एका ठोक्यात कमी रक्त ढकललं जातं आणि भरपाई म्हणून ठोके वाढतात. वेग तोच, रस्ता तोच, आणि अर्ध्या तासानं नाडी दहा-पंधरानं वर. पुण्याहून सुट्टीला आलेल्या धावपटूनं इथे पहिल्याच दिवशी चाचणी घेऊन हताश होऊ नये. उकाड्याला शरीर सरावायला दहा ते चौदा दिवस घेतं.

नाडीवरून झोन ठरवणाऱ्यांनी ‘220 वजा वय’ जरा बाजूला ठेवावं. हे सूत्र 1971च्या सुमारास फॉक्स आणि हॅस्केल या संशोधकांनी इतरांच्या आकड्यांवरून अंदाजानं बसवलं. पंचेचाळिशीच्या माणसाला ते 175 सांगतं. त्याचे खरे कमाल ठोके 163 असू शकतात किंवा 188. अशा दोघांनी एकाच तक्त्यावर पळायचं ठरवलं तर एकाची दमछाक, दुसऱ्याचा फेरफटका.

यंत्राशिवायची एक चाचणी मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते: बोलण्याची. अमेरिकेतल्या अभ्यासांत धावणाऱ्याला तिथली राष्ट्रनिष्ठेची प्रतिज्ञा म्हणायला लावत. आपल्याकडे अथर्वशीर्ष चालेल, गणपतीपुळ्यात तर पाठ असलेली माणसं पैशाला पासरी. पळताना ओळ सलग म्हणता येते तोवर वेग आरामाचा. मध्येच श्वास घ्यावा लागला की आरामाची हद्द ओलांडली. दोन-तीन शब्दांपलीकडे जाता येईना की क्रिटिकल स्पीडची रेघही.

सायकलवाल्यांना आरे-वारेचा रस्ता आयता मिळालाय. तिथला एखादा चढ ठरवावा आणि पायथ्याच्या एका खुणेपासून माथ्याच्या खुणेपर्यंतची वेळ घ्यावी. चढावर वेग कमी, म्हणून वाऱ्याचा हस्तक्षेपही कमी. पॉवर मीटर असेल तर 20 मिनिटांच्या सरासरी वॉटचे 95 टक्के म्हणजे ती रेघ, हा नेहमीचा हिशेब आहेच, पण तेवढा लांब चढ इथे नाही. त्यासाठी सपाटीच शोधावी लागते. चाळिशी उलटलेल्यांनी, मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी अशी जीव तोडून घ्यायची कुठलीही चाचणी डॉक्टरांना विचारूनच करावी.

पुन्हा चाचणी सहा-आठ आठवड्यांनी. वहीत वेळेबरोबर सकाळचं तापमान, आर्द्रता, आदल्या रात्रीची झोप आणि बूट कोणते तेही लिहावं, आणि मेचा आकडा जानेवारीच्या शेजारी मांडू नये. वेळ सुधारली नाही तर लगेच अंतर वाढवायला धावू नका. आधी आरामाच्या पळण्यातले ठोके पाहा. त्याच रस्त्यावर, तशाच हवेत, त्याच वेगाला ते पाच-सहानं उतरले असतील तर सराव लागू पडतोय. उतरले नसतील, तर बहुतेक वेळा हलके दिवस अजून पुरेसे हलके झालेले नसतात.