परवाना एक, जिल्हे दोन : शस्त्र नेण्याचे नियम



शिवजयंतीच्या तयारीत आमच्यासमोर दोन प्रश्न आले. आपल्या लाठी-दांडपट्टा पथकाला महाराष्ट्रात किनवटला जायचे होते. तलवारी व लाठ्या गाडीतून न्याव्यात का, असे मुलांनी विचारले. दुसरा प्रश्न एका पालकांचा. त्यांची शेती पैनगंगेच्या दोन्ही बाजूंना आहे आणि रानडुकरांपासून पीक राखण्यासाठी त्यांच्याकडे परवान्याची बंदूक आहे. ती पलीकडच्या शेतात नेली तर चालेल का?

किनवट तालुका १९५६ पर्यंत आपल्याच आदिलाबाद जिल्ह्यात होता. सोयरिकी आजही तिकडे आहेत. त्यामुळे सीमा ओलांडणे म्हणजे परराज्यात जाणे, हे आपल्या मनातही येत नाही. कायद्याच्या दृष्टीने मात्र तेथे राज्य, जिल्हाधिकारी आणि पोलीस हे सर्व बदलते.

आपल्या राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत शस्त्रे व दारूगोळा हा विषय केंद्राच्या सूचीत आहे. म्हणून १९५९ चा शस्त्र कायदा आणि २०१६ ची शस्त्र नियमावली सर्व देशाला सारखीच लागू आहे. पण सार्वजनिक सुव्यवस्था आणि पोलीस हे विषय राज्यांचे आहेत. बंदूक कोणी बाळगावी हे केंद्राचा कायदा ठरवतो. ती कोठे व केव्हा नेऊ नये याचे आदेश स्थानिक अधिकारी काढू शकतात. गोंधळ होतो तो येथेच.

प्रथम बंदुकीचे पाहू. परवान्यावर तो कोणत्या क्षेत्रात चालतो हे लिहिलेले असते : जिल्हा, राज्य किंवा संपूर्ण भारत. जिल्ह्यापुरता परवाना असेल तर बंदूक नदीपलीकडे नेता येत नाही. आधी परवाना देणाऱ्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्यावी लागते. परवान्याच्या अटी मोडणे हाही गुन्हाच आहे. शेत स्वतःचे आहे, ही सबब तेथे चालत नाही.

निवडणुकीच्या काळात प्रशासन परवानाधारकांना शस्त्रे जमा करायला सांगते. तेलंगणात विधानसभेचे मतदान ३० नोव्हेंबर २०२३ रोजी झाले, महाराष्ट्रात २० नोव्हेंबर २०२४ रोजी. म्हणजे नदीच्या एका काठावर आदेश लागू असतो, तेव्हा दुसऱ्या काठावर तो नसूही शकतो.

आता तलवार व लाठी. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याची हत्यारे शस्त्र कायद्यात मोडतात. घरकामाची व शेतीची अवजारे त्यातून वगळलेली आहेत. मात्र अशा हत्यारांना परवाना लागतो तो केंद्राने अधिसूचित केलेल्या भागांतच. शिवाय महाराष्ट्रात १९५१ चा पोलीस अधिनियम आहे. त्याच्या कलम ३७ खाली बंदूक, तलवार, भाला, इतकेच काय साधी लाठी नेण्यासही ठराविक दिवसांपुरती मनाई करता येते. सण-उत्सवांच्या सुमारास असे आदेश निघत असतात. हा अधिनियम आपल्या तेलंगणात नाही. येथे जिल्हा प्रशासन पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली मनाई आदेश काढी. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतात.

मग दोन नियमांपैकी कोणता पाळायचा? दोन्ही पाळायचे. केंद्राचा परवाना हातात आहे म्हणून स्थानिक मनाई रद्द होत नाही, आणि स्थानिक मनाई नाही म्हणून परवान्याची गरज संपत नाही.

अमेरिकेत राज्याराज्यांचे बंदुकीचे कायदे वेगळे आहेत. म्हणून तेथे १९८६ मध्ये केंद्रीय कायद्याने प्रवाशाला संरक्षण दिले. निघतो तेथे आणि पोहोचतो तेथे बंदूक कायदेशीर असावी, ती रिकामी असावी आणि हाताशी नसावी, अशा त्याच्या अटी आहेत. आपल्याकडे प्रवाशाने परवान्यावरील क्षेत्र आधी वाचावे, हाच मार्ग.

हे सर्व मुलांना कशासाठी सांगायचे, असे कोणी विचारील. डिसेंबर २०२० मध्ये आपल्याच आदिलाबाद शहरात मुलांच्या क्रिकेटवरून भांडण झाले. मोठी माणसे त्यात पडली आणि परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळ्या सुटल्या. जखमींपैकी एकाचा पुढे मृत्यू झाला. परवाना कागदावर असतो, संयम माणसात असावा लागतो. लग्नाच्या वरातीत आनंदाने गोळीबार करणाऱ्यालाही २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

म्हणून आम्ही असे ठरविले आहे. पथक लाकडी तलवारीच नेईल. लाठ्यांसाठी दोन्हीकडील पोलीस ठाण्यांची लेखी परवानगी आठ दिवस आधी घेतली जाईल व तिची प्रत गाडीत राहील. परवानगी न मिळाल्यास आपली मुले फक्त लेझीम खेळतील. ज्या पालकांकडे शस्त्र आहे, त्यांनी आज घरी गेल्यावर परवान्यावरील क्षेत्र व मुदत एकदा वाचावी, आणि शस्त्र मुलांच्या हाती लागणार नाही असे कुलपात ठेवावे, ही आमची नम्र विनंती.