पॅरिस पॅरालिम्पिक २०२४ मधील भारतीय पथकाची कामगिरी : क्रीडा वर्गीकरणाच्या संदर्भात

प्रस्तावना :

दि. २८ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस येथे सतराव्या उन्हाळी पॅरालिम्पिक क्रीडास्पर्धेचे उद्घाटन झाले. भारतीय पथकाच्या अग्रभागी तिरंगा घेऊन दोन खेळाडू होते. एक हरियाणाचे भालाफेकपटू सुमित अंतिल आणि दुसऱ्या नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुक्याच्या होनवडज गावच्या गोळाफेकपटू भाग्यश्री जाधव. पुढे सुमित अंतिल यांनी ७०.५९ मीटर फेक करून सुवर्णपदक मिळविले. भाग्यश्री जाधव यांनी ७.२८ मीटर फेक करून पाचवा क्रमांक मिळविला. पदकतालिकेत पाचव्या क्रमांकाला स्थान नसते, त्यामुळे मराठवाड्यातील या खेळाडूची कामगिरी आकड्यांच्या गर्दीत हरवून जाते. पॅरालिम्पिकमधील यशापयशाचा अर्थ पदकांच्या बेरजेतून पूर्णपणे लागत नाही. त्यासाठी या स्पर्धांचा पाया असलेली वर्गीकरणाची पद्धत समजून घेणे आवश्यक आहे. या पद्धतीचा संबंध महाविद्यालयात प्रवेश घेणाऱ्या दिव्यांग विद्यार्थ्यांशी थेट येतो, म्हणून प्राध्यापकवर्गाने तिची दखल घेणे अगत्याचे ठरते.

पदकांची वाढ आणि तिचा अर्थ :

भारताने १९६८ साली तेल अवीव येथे पॅरालिम्पिकमध्ये प्रथम सहभाग घेतला. तेव्हापासून २०१६ च्या रिओ स्पर्धेपर्यंत भारताच्या खात्यात एकूण १२ पदके होती. त्यानंतर टोकियो येथे (ही २०२० ची स्पर्धा प्रत्यक्षात २०२१ मध्ये झाली) १९ आणि पॅरिस येथे २९ पदके मिळाली. म्हणजे अर्धशतकात १२ आणि केवळ दोन स्पर्धांत ४८. पॅरिसमध्ये ७ सुवर्ण, ९ रौप्य व १३ कांस्य अशी विभागणी होती व भारत अठराव्या स्थानी राहिला. ही प्रगती निर्विवाद आहे.

तथापि पथकाचा आकार विचारात घेतला तर चित्र थोडे वेगळे दिसते. रिओला १९, टोकियोला ५४ आणि पॅरिसला ८४ खेळाडू गेले होते. रिओत सुमारे पावणेपाच खेळाडूंमागे एक पदक पडले. टोकियोत हे प्रमाण २.८ खेळाडूंमागे एक, तर पॅरिसमध्ये २.९ खेळाडूंमागे एक असे होते. याचा अर्थ खरी गुणात्मक झेप रिओ ते टोकियो या काळात पडली. टोकियो ते पॅरिस ही वाढ मुख्यत्वे अधिक खेळाडू पात्र ठरल्यामुळे झाली आहे. अर्थात अधिक खेळाडू पात्र ठरणे ही देखील सामान्य गोष्ट नव्हे.

२९ पैकी १७ पदके एकट्या ॲथलेटिक्समधील आहेत. बॅडमिंटनमध्ये ५, नेमबाजीत ४, तिरंदाजीत २ आणि ज्युदोत १ पदक मिळाले. जलतरणात एकही नाही. वास्तविक भारताचे पहिले पॅरालिम्पिक सुवर्णपदक जलतरणातीलच होते. १९६५ च्या युद्धात जखमी झालेले सांगली जिल्ह्यातील मुरलीकांत पेटकर यांनी १९७२ साली हायडेलबर्ग येथे ५० मीटर फ्रीस्टाइल शर्यत ३७.३३ सेकंदांत जिंकून ते मिळविले. त्यानंतर आजतागायत भारताला पॅरालिम्पिक जलतरणात पदक मिळालेले नाही. पॅरिसमध्ये जलतरणाच्या १४१ पदकस्पर्धा होत्या, हे लक्षात घेता ही उणीव मोठी आहे. याचे एक कारण साधनांमध्ये आहे. ज्या लातूर शहराला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या परिसरातील दिव्यांग विद्यार्थ्याकडून जलतरणातील पदकाची अपेक्षा कोण करील? गोळाफेकीला मात्र गोळा आणि मोकळी जागा पुरते. मराठवाड्यातून पुढे आलेली खेळाडू गोळाफेकीत असावी, यात म्हणूनच नवल नाही.

वर्गीकरण म्हणजे काय?

पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ३२९ पदकस्पर्धा होत्या. पॅरालिम्पिकमध्ये खेळ कमी (२२) असूनही पदकस्पर्धा ५४९ होत्या. एकच खेळप्रकार अनेक वर्गांत खेळविला जातो, हे त्याचे कारण होय. पॅरिसमध्ये भालाफेकीत सुमित अंतिल यांना ७०.५९ मीटरवर सुवर्ण मिळाले आणि नवदीप सिंग यांना ४७.३२ मीटरवर. पहिला वर्ग एफ ६४ म्हणजे कृत्रिम पाय वापरणाऱ्यांचा, दुसरा एफ ४१ म्हणजे कमी उंचीच्या खेळाडूंचा. दोन्ही सुवर्णपदके सारख्याच मोलाची आहेत. वर्गातील 'एफ' हे अक्षर मैदानी प्रकारांचे व 'टी' हे धावपट्टीवरील प्रकारांचे निदर्शक आहे. (उंच उडी व लांब उडी मात्र 'टी' मध्येच मोजतात.) अक्षरापुढील अंक दिव्यांगत्वाचा प्रकार व त्याची तीव्रता दाखवितो.

पेटकरांच्या काळी वर्ग वैद्यकीय निदानावर, म्हणजे कण्याची इजा कोणत्या पातळीवर आहे यावर ठरत असे. पुढे ही दृष्टी बदलली. आजार कोणता यापेक्षा त्या विशिष्ट खेळातील कोणती हालचाल किती मर्यादित झाली आहे, हा निकष महत्त्वाचा ठरला. त्यामुळे एकच व्यक्ती एका खेळात पात्र व दुसऱ्या खेळात अपात्र ठरू शकते.

भाग्यश्री जाधव यांचा वर्ग एफ ३४ आहे. २००६ साली झालेल्या विषबाधेनंतर त्यांना पायांचे अपंगत्व आले. एफ ३१ ते ३४ हे स्नायूंचा ताठरपणा, तोल व समन्वयाचा अभाव अथवा अनैच्छिक हालचाली असलेल्या आणि बसून फेक करणाऱ्या खेळाडूंचे वर्ग आहेत. त्यांपैकी ३४ मध्ये पायांवर परिणाम अधिक असतो, हात व धड तुलनेने कार्यक्षम असतात. उभ्याने गोळा फेकणारा खेळाडू वर्तुळात सरकत किंवा गिरकी घेत पायांतून शक्ती मिळवितो. बसून फेकणाऱ्याला ते शक्य नसते. सर्व शक्ती धड, खांदा व मनगट यांतून यावी लागते आणि फेकताना आसनावरून उठले तर फेक बाद होते.

टोकियोत त्या ७.०० मीटरवर सातव्या आल्या होत्या. २०२३ च्या ऑक्टोबरात हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई पॅरा क्रीडास्पर्धेत ७.५४ मीटर फेकून त्यांनी रौप्य मिळविले. मे २०२४ मध्ये कोबे येथील जागतिक स्पर्धेत ७.५६ मीटरवर पुन्हा रौप्य मिळाले. पॅरिसमधील ७.२८ ही फेक त्या मानाने कमी होती, हे मान्य करावे लागेल. परंतु तेथे चीनच्या खेळाडूने ९.१४ मीटरवर सुवर्ण व पोलंडच्या खेळाडूने ८.३३ मीटरवर रौप्य घेतले. कोबेतील फेक पॅरिसमध्ये जमली असती तरी रौप्य पाऊण मीटर दूरच राहिले असते. याउलट पॅरिसमधील महाराष्ट्राचे एकमेव पदकविजेते, सांगली जिल्ह्याचे सचिन खिलारी यांना गोळाफेक एफ ४६ मध्ये १६.३२ मीटरवर रौप्य मिळाले. त्यांचे सुवर्ण अवघ्या ६ सेंटिमीटरने हुकले. ही दोन अंतरे वेगवेगळ्या प्रकारची आहेत. सहा सेंटिमीटर एखाद्या दिवशी भरून निघतात. पाऊण मीटर भरून काढण्यास लवकर सुरुवात आणि दीर्घ काळाचे शास्त्रीय प्रशिक्षण लागते.

प्रमाणपत्र आणि क्रीडावर्ग :

येथेच महाविद्यालयांचा संबंध येतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वाचा समावेश आहे. ४० टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्व असणाऱ्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान ५ टक्के जागा राखीव आहेत. कलम ३० क्रीडाविषयक सोयींची जबाबदारी शासनावर टाकते. परंतु प्रवेशाच्या वेळी पाहिली जाणारी टक्केवारी व क्रीडावर्ग यांचा थेट संबंध नाही. पॅरालिम्पिक चळवळ दहा प्रकारची दिव्यांगत्वे पात्र मानते. कायद्यातील यादीत असलेले थॅलेसेमिया, हिमोफिलिया किंवा सिकलसेल हे आजार त्यांत स्वतंत्रपणे येत नाहीत. कर्णबधिर विद्यार्थ्यांसाठी पॅरालिम्पिक नाही. त्यांची डेफलिम्पिक ही निराळी स्पर्धा आहे. कित्येकदा उत्साही शिक्षक अशा विद्यार्थ्याला चुकीच्या स्पर्धेसाठी तयार करतो आणि त्याची वर्षे वाया जातात.

चुकीच्या वर्गाची किंमत किती मोठी असते, हे टोकियोत दिसले. थाळीफेक एफ ५२ मध्ये विनोद कुमार यांना मिळालेले कांस्यपदक प्रतिस्पर्ध्यांच्या आक्षेपानंतर झालेल्या फेरतपासणीत रद्द झाले आणि ते त्या वर्गासाठी अपात्र ठरले. म्हणून वर्गीकरण हे सरावाच्या शेवटी करावयाचे कागदी काम नसून सरावाच्या आरंभीची पायरी आहे. विद्यार्थ्याची वैद्यकीय कागदपत्रे एकत्र ठेवणे, राज्य पातळीवरील पॅरा स्पर्धेत त्याला उतरविणे आणि राष्ट्रीय वर्गीकरण लवकर करून घेणे ही कामे महाविद्यालयाचा क्रीडा विभाग सहज करू शकतो. डिसेंबर २०२३ पासून सुरू झालेल्या खेलो इंडिया पॅरा क्रीडास्पर्धेमुळे पुढील पायरीही उपलब्ध झाली आहे.

स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी व हिंगोली हे चार जिल्हे येतात. येथील बहुतेक महाविद्यालयांना मैदान आहे. बसून फेकण्याच्या सरावासाठी त्यात फारशी भर घालावी लागत नाही. गादीसह ७५ सेंटिमीटरपेक्षा अधिक उंच नसलेली, खेळाडूच्या मापाची लोखंडी बैठक स्थानिक वेल्डिंगच्या दुकानात तयार होऊ शकते. ती पट्ट्यांनी जमिनीशी घट्ट बांधण्यासाठी फेकीच्या वर्तुळाभोवती काँक्रीटमध्ये पक्क्या कड्या बसवाव्या लागतात. बैठक हलली तर फेकीतील शक्ती बैठकीतच जिरते, आणि खेळाडू पडण्याचा धोका असतो तो वेगळाच.