बिनतारी पट्टा आणि एक रंगारी

‘ऑनलाइन मिळणारा बिनतारी अँटिस्टॅटिक पट्टा मनगटाला बांधून कॉम्प्युटरची रॅम बदलली तर चालेल का?’ असं नागपूरच्या एका वाचकांनी विचारलं आहे. नाही चालणार. अंगावरचा विद्युत प्रभार उतरायला तारेची वाट लागते; बिनतारी पट्टा म्हणजे दोर नसलेला पोहरा. आणि हे उत्तर जवळपास तीनशे वर्षांपूर्वीच मिळालेलं आहे.

ते देणारा स्टीफन ग्रे हा कँटरबरीचा रंगारी, कापड रंगवणारा. उतारवयात लंडनच्या चार्टरहाउस या धर्मादाय संस्थेत राहून तो काचेची नळी घासत प्रयोग करत असे. १७२९ साली केंट परगण्यात ग्रॅनव्हिल व्हीलर या मित्राच्या घरी त्याने एक लांब दोरी रेशमी धाग्यांवर आडवी टांगली. एका टोकाशी घासलेली नळी धरली की दुसऱ्या टोकाचा हस्तिदंती गोळा हलके कण ओढून घेई. मग दोरीच्या भाराने रेशीम तुटलं. त्याऐवजी पितळेची बारीक तार लावली, तर प्रभार सगळा गायब! तारही बारीकच होती, बदललं होतं ते द्रव्य. रेशीम प्रभार अडवतं आणि पितळ त्याला वाट देतं, हे तिथे कळलं. पुढच्या वर्षी ग्रेने सुमारे साडेएकवीस किलो वजनाच्या एका मुलाला प्रभार अडवणाऱ्या दोरांवर आडवं टांगून प्रभारित केलं, तेव्हा त्याच्या तोंडाकडे पितळी वर्खाचे कण उडत गेले. रॉयल सोसायटीचं पहिलं कोप्ले पदक १७३१ मध्ये ग्रेलाच मिळालं, तरी आपली पाठ्यपुस्तकं थेल्सच्या अंबरावरून थेट फ्रँकलिनच्या पतंगावर उडी मारतात. मला हा अन्यायच वाटतो.

रबरी चप्पल घालून नायलॉनच्या गालिच्यावरून चालणारे तुम्ही-आम्ही म्हणजे ग्रेचा तो टांगलेला मुलगा. अंगावर हजारो व्होल्ट साचतात आणि साधारण तीन हजारांच्या खालची ठिणगी बोटाला जाणवतही नाही. सुटे भाग मात्र काही शे व्होल्टनेही निकामी होऊ शकतात, कारण चिपमधल्या ट्रान्झिस्टरचा विद्युतरोधक थर जेमतेम काही नॅनोमीटर जाडीचा असतो. ‘मला कुठे शॉक बसला?’ हा युक्तिवाद म्हणूनच फोल आहे. जुलैच्या मुंबईत दमट हवेमुळे प्रभार फारसा टिकत नाही. विदर्भातली मे महिन्याची कोरडी दुपार किंवा एसीची खोली मात्र त्याच्या सोयीची.

खऱ्या पट्ट्याच्या तारेत दहा लाख ओहमचा रोध असतो. प्रभार सावकाश उतरतो, आणि चुकून २३० व्होल्टला हात लागला तरी पट्ट्यातून पाव मिलिअँपिअरपेक्षा कमी प्रवाह जातो. प्लग काढून तारेचा चिमटा कॅबिनेटच्या रंग नसलेल्या धातूला लावा. तुम्ही आणि मशीन एकाच विभवावर आलात की ठिणगीला कारणच उरत नाही. पट्टा नसेल तर त्याच धातूला अधूनमधून हात लावत राहा आणि कार्ड कडांनी धरा. एवढी काळजी घरच्या कामाला पुरते. त्यासाठी खास बूट, खास चटई घ्यायला लावणाऱ्यांचं ऐकू नका.

साठवणुकीत मात्र हयगय नको. थर्माकोल किंवा साधी प्लॅस्टिकची पिशवी स्वतःच प्रभार धरते. गुलाबी अँटिस्टॅटिक पिशवी प्रभार तयार होऊ देत नाही, पण बाहेरची ठिणगी अडवत नाही. अडवते ती धातूचा थर असलेली चंदेरी पिशवी, तीही तोंड बंद केलं तरच. भाग तिच्यावर ठेवून काम करण्यात काही अर्थ नाही, संरक्षण आत असतं.

तेव्हा पट्टा घेताना तार आहे ना आणि तारेच्या टोकाला चिमटा आहे ना, एवढं बघून घ्या.