प्रत्यागामी स्थलांतर

आपले मूळ गाव, प्रदेश वा देश सोडून अन्यत्र दीर्घकाळ वास्तव्य केलेल्या व्यक्तीने किंवा कुटुंबाने मूळ ठिकाणी पुन्हा कायमचे राहावयास येणे, यास प्रत्यागामी स्थलांतर म्हणतात. सणावारी दिलेली भेट, सुगीपुरते येणे किंवा आजारपणातील तात्पुरता मुक्काम यांचा त्यात समावेश होत नाही. मूळ ठिकाणी पुन्हा संसार मांडण्याचा हेतू हे त्याचे प्रमुख लक्षण होय. हा हेतू मोजणे कठीण असल्याने स्थलांतराच्या सर्व प्रकारांत या प्रकाराची आकडेवारी सर्वांत अपुरी आहे. भारतीय जनगणनेत १९६१ पर्यंत स्थलांतरिताची ओळख केवळ जन्मस्थळावरून पटविली जाई. त्यामुळे रत्नागिरी जिल्ह्यातील एखाद्या खेड्यात जन्मलेला आणि तीस वर्षे मुंबईच्या गिरणीत काम करून त्याच खेड्यात परतलेला मनुष्य कधी गाव सोडून गेलाच नव्हता, असे जनगणनेच्या तक्त्यांवरून दिसे. १९७१ च्या जनगणनेपासून शेवटच्या वास्तव्याचे ठिकाण विचारले जाऊ लागले व ही त्रुटी अंशतः दूर झाली.

परतण्याची इच्छा आणि प्रत्यक्ष परतणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली जवळजवळ सार्वत्रिक, तर दुसरी तुलनेने विरळ आढळते. घराच्या ओढीने माणूस खंगत जातो, हे जुने निरीक्षण योहानेस होफर या वैद्यकाच्या विद्यार्थ्याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या प्रबंधात एक रोग म्हणून नोंदविले आणि ग्रीक भाषेतील 'परतणे' व 'वेदना' या अर्थांच्या शब्दांपासून 'नॉस्टॅल्जिया' ही संज्ञा घडविली. पुढे वैद्यकाने हा रोग सोडून दिला. समाजशास्त्राने मात्र त्यामागील वृत्तीची दखल घेतली. ब्रिटनमधील पाकिस्तानी वसाहतींचा अभ्यास करून मुहंमद अन्वर यांनी १९७९ मध्ये 'परतण्याची दंतकथा' ही कल्पना मांडली. आपण एक दिवस परत जाणार, या समजुतीवर स्थलांतरित मनुष्य परमुलखातील गैरसोय सोसतो, काटकसर करतो, गावी घर बांधतो; मुले मोठी होतात, दिवस लांबत जातो, पण समजूत सुटत नाही. दंतकथा म्हटली, तरी तिच्यामुळे पैसा प्रत्यक्षात गावी जातो, विवाहसंबंध गावाकडे जुळतात आणि जमीन विकली जात नाही. त्या अर्थाने तिचे परिणाम खरेच असतात.

उपपत्ती : जर्मन वंशाचे ब्रिटिश भूगोलज्ञ ई. जी. रॅव्हेन्स्टाइन यांनी १८८५ मध्ये स्थलांतराचे जे नियम मांडले, त्यांत प्रत्येक मुख्य प्रवाहाबरोबर त्याची भरपाई करणारा उलट प्रवाहही निर्माण होतो, असा एक नियम होता. मात्र हा उलट प्रवाह कोणाचा बनलेला असतो, याकडे दीर्घकाळ लक्ष दिले गेले नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी अमेरिकेस गेलेल्या इटालियनांपैकी सुमारे निम्मे लोक मायदेशी परतले, ही वस्तुस्थिती अमेरिकेच्या इतिहासात बराच काळ दुर्लक्षित राहिली. इटालियन समाजशास्त्रज्ञ फ्रांचेस्को चेराझे यांनी दक्षिण इटलीत परतलेल्यांचे १९७४ मध्ये चार वर्ग केले : परमुलखात जम न बसल्याने परतलेले, साठविलेल्या पैशातून जमीन घेण्याचा मूळ बेत पुरा करून परतलेले, म्हातारपण घालविण्यासाठी आलेले आणि बाहेर मिळविलेल्या कौशल्याच्या बळावर गावात काही नवे करू पाहणारे. यांतील चौथ्या वर्गाकडून शासनांच्या अपेक्षा मोठ्या असतात. चेराझे यांना मात्र असे आढळले, की गावातील जमीनदारी व सत्तासंबंध न बदलल्यामुळे या नवकल्पकांचा प्रभाव फारसा पडला नाही.

आल्फ्रेड शुट्स यांचा 'घरी परतणारा' हा १९४५ मधील निबंध या विषयात मूलभूत मानला जातो. परका मनुष्य नव्या ठिकाणी जाताना ते अपरिचित असणार, हे गृहीत धरून जातो. घरी परतणाऱ्याला मात्र सर्व परिचित असेल, अशी खात्री असते आणि तेथेच त्याची फसगत होते. त्याच्या अनुपस्थितीत घराचा नित्यक्रम त्याच्यावाचून बसलेला असतो आणि तोही बदललेला असतो. याचा अर्थ असा, की परतणे म्हणजे गेलेल्या वाटेने मागे येणे नव्हे. ते एक स्वतंत्र व दुसरे स्थलांतर होय. ते यशस्वी होईल की नाही, हे ओढीच्या तीव्रतेपेक्षा मधल्या काळात मूळ ठिकाणचा हक्क कितपत जिवंत ठेवला गेला, यावर अधिक अवलंबून असते. पुढील तीन उदाहरणांवरून हे स्पष्ट होईल.

गिरमिटिया मजूर : १८३४ पासून विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकापर्यंत मॉरिशस, ब्रिटिश गियाना, त्रिनिदाद, नाताळ, फिजी इ. वसाहतींत भारतीय मजूर कराराने नेले गेले. 'ॲग्रीमेंट' या शब्दाचा अपभ्रंश होऊन या कराराला 'गिरमिट' हे नाव पडले. परतीचा प्रवास हा या करारातील महत्त्वाचा भाग होता. फिजीत पाच वर्षांची मजुरी संपल्यावर स्वखर्चाने आणि वसाहतीत एकूण दहा वर्षे काढल्यावर सरकारी खर्चाने परत येता येई. मधली पाच वर्षे अशी ठेवण्यात मळेवाल्यांचा हेतू उघड होता : तेवढ्या काळात मजुराने भाड्याची जमीन धरावी, त्याला मुले व्हावीत आणि त्याने परतीचा विचार सोडावा. फिजीस सुमारे साठ हजार मजूर गेले. त्यांपैकी सुमारे दोन-पंचमांश परतले, बाकीचे तेथेच राहिले. मॉरिशसने तर मोफत परतीची तरतूद एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच काढून टाकली. मुंबई बंदरातून तेथे गेलेल्या कोकणी मजुरांचे वंशज आज मॉरिशसमधील मराठी समाज म्हणून ओळखले जातात.

परतलेल्यांची स्थिती पुष्कळदा न परतलेल्यांहून वाईट झाली. समुद्र ओलांडल्याने जातीने वाळीत टाकणे, प्रायश्चित्ताचा व जातभोजनाचा खर्च, वसाहतीत जातीबाहेर झालेले विवाह, भावबंदांनी वहिवाटीखाली घेतलेली जमीन आणि गाठीचे पैसे संपताच बदललेली नातलगांची वागणूक यांमुळे अनेकांना पुन्हा गाव सोडावे लागले. यांतील बरेच जण कलकत्त्यास हुगळीकाठच्या मटियाबुर्ज भागात जमले. फिजी, त्रिनिदाद, गियाना अशा निरनिराळ्या वसाहतींतून मायदेशी आलेले हे लोक १९२० नंतरच्या दशकात तेथील गलिच्छ वस्तीत वसाहतींकडे परत नेणाऱ्या बोटीची वाट पाहत राहिले. १९२१ मध्ये त्यांपैकी काहींना पुन्हा फिजीस पाठविण्यात आले. हिवताप व बेकारी यांनी बाकीच्यांचे अतोनात हाल झाले. ज्या देशासाठी ते परदेशात झुरले, त्याच देशात ते परदेशासाठी झुरू लागले.

दक्षिण आफ्रिकेच्या बाबतीत परतणे हे राजकीय साधन बनले. १९२७ च्या केपटाउन करारानुसार भारतात जाण्यास तयार होणाऱ्या प्रत्येक प्रौढ भारतीयास प्रवासखर्चाशिवाय वीस पौंड बक्षिसी देण्यात येई. सलग तीन वर्षे बाहेर राहिल्यास त्याचा तेथील अधिवासाचा हक्क संपे. अशा रीतीने आलेल्यांत नाताळमध्येच जन्मलेल्यांची संख्या मोठी होती. त्यांच्या दृष्टीने हे परतणे नव्हतेच. भवानी दयाल संन्यासी व बनारसीदास चतुर्वेदी यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात या लोकांच्या हलाखीची साधार नोंद असून या योजनेस त्यांनी स्पष्ट विरोध दर्शविला आहे.

मुंबई व कोकण : मुंबईतील पहिली यशस्वी कापडगिरणी १८५४ मध्ये स्थापन झाली व तिचे उत्पादन १८५६ मध्ये सुरू झाले. पुढील शंभर वर्षे गिरण्यांच्या कामगारवर्गात कोकणाचा, विशेषतः रत्नागिरी जिल्ह्याचा, वाटा मोठा राहिला. पुरुषाने मुंबईस यावे, खोलीत दहापंधरा गाववाल्यांसह राहावे, खाणावळीत जेवावे आणि दरमहा मनीऑर्डर करावी. स्त्रीने गावी राहून शेती, गुरे व म्हातारी माणसे सांभाळावीत, अशी ही व्यवस्था होती. अशा चाकरमान्याचे घर एक आणि बिऱ्हाडे दोन असत. एकाच गावच्या मंडळींच्या खोल्या व ग्रामस्थ मंडळे, तसेच मुंबईतील गोवेकरांचे गाववार 'कूड' या संस्था परतीची वाट खुली ठेवण्यासाठीच अस्तित्वात आल्या.

कामगाराचे गावाशी असलेले हे नाते म्हणजे त्याच्या मागासलेपणाची खूण असे अनेक मालक व अधिकारी समजत. शाही कामगार आयोगाने १९३१ मध्ये निराळा विचार मांडला : कामगार शहराने ओढला जात नाही, तो गावातून ढकलला जातो, म्हणून त्याचा गावाशी असलेला संबंध तोडण्याऐवजी तो नियमित करावा. आयोगाचे हे निरीक्षण मार्मिक असले, तरी अपुरे होते. शहरात नोकरीची, निवाऱ्याची वा म्हातारपणाची शाश्वती नव्हती, म्हणून गाव राखावे लागे. १८९६ मध्ये प्लेग उद्भवला, तेव्हा काही महिन्यांत लाखो लोक मुंबई सोडून गावोगाव परतले व गिरण्या ओस पडल्या. १९२८ चा सार्वत्रिक संप सहा महिने टिकला, त्यामागेही गावाकडचा तांदूळ होता. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. तो रीतसर कधीच मागे घेतला गेला नाही; हजारो कामगारांच्या नोकऱ्या कायमच्या गेल्या आणि त्यांतील अनेकांनी गावची वाट धरली. मात्र या वेळी परतणे ही पूर्वीसारखी तात्पुरती माघार नव्हती. गावी दोनतीन पिढ्यांत सातबाराच्या उताऱ्यावर वारसांची नावे वाढलेली होती, जमिनीचे तुकडे झाले होते आणि सामाईक घरात खोली कोणाची, हा प्रश्न उभा राहिला होता. शेती कसणाऱ्या स्त्रियांच्या हाती घरचा कारभार गेलेला होता, ही बाब या विषयावरील लेखनात क्वचितच नोंदविली जाते; कर्ता पुरुष परतला, तेव्हा तो त्या कारभारात नवखाच होता. मुंबईत वाढलेल्या मुलांना तर गाव म्हणजे गणपती व शिमगा एवढेच ठाऊक होते. १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्णपणे सुरू झाल्यावर या भेटी सुलभ झाल्या. परंतु भेट सुलभ झाली म्हणजे परतणे वाढते असे नाही. उलट, सहज येता-जाता येत असल्यास कायमचे परतण्याची निकड कमी होते, असाही अनुभव आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी जाहीर झाल्यावर देशभरातील शहरांतून मजूर पायी गावी निघाले आणि पुढे त्यांतील बरेच शहरांत परतले, हे प्लेगकाळाच्या इतिहासाशी मिळतेजुळते आहे.

बेने इझ्राएल : कोकण किनाऱ्यावरील मराठी भाषक ज्यू समाजाचे स्थलांतर या संदर्भात विशेष उद्‌बोधक आहे. मूळचा तेलाच्या घाण्यांवर उपजीविका करणारा व शनिवार पाळीत असल्याने 'शनिवार तेली' म्हणून ओळखला जाणारा हा समाज अठराव्या शतकापासून मुंबईत येऊन सैन्य, रेल्वे व सरकारी कचेऱ्यांत स्थिरावला होता. भारत स्वतंत्र झाला त्या सुमारास त्याची संख्या सुमारे वीस हजार होती. १९४८ मध्ये इझ्राएल राष्ट्र स्थापन झाल्यावर त्यांतील अनेक कुटुंबे तिकडे गेली. धार्मिक दृष्ट्या हे जाणे म्हणजेच परतणे होते. १९५० च्या इझ्राएली कायद्याचे नावच 'परतण्याचा कायदा' असे असून त्याने प्रत्येक ज्यू व्यक्तीस तेथे येऊन स्थायिक होण्याचा हक्क दिला.

प्रत्यक्षात बीरशेबासारख्या वाळवंटी भागातील वसाहतींत तात्पुरता निवारा, नियंत्रित शिधा व अंगमेहनतीची कामे त्यांच्या वाट्यास आली. कारकुनी पेशातील लोकांना ती जड गेली. वर्णावरून भेदभाव होतो, अशीही त्यांची तक्रार होती. १९५१ च्या अखेरीस त्यांच्या एका गटाने तेल आवीव्ह येथे ज्यू एजन्सीच्या कचेरीपुढे ठिय्या देऊन आपल्याला भारतात परत पाठवावे, अशी मागणी केली. ठिय्या व उपोषण ही साधने त्यांनी ज्या देशातून आणली होती, त्याच देशाकडे परत जाण्यासाठी ती वापरली. १९५२ ते १९५४ या काळात तीनशेहून अधिक जणांना एजन्सीने गटागटाने भारतात परत पाठविले. तथापि परतलेल्यांपैकी बहुतेक जण काही वर्षांनी पुन्हा इझ्राएलला गेले. मुंबईतील संसार मोडून गेलेल्यांना तेथे नव्याने जम बसविणे सोपे नव्हते आणि समाजाचा ओघही एव्हाना इझ्राएलकडे वळला होता. १९६० नंतर त्यांच्या ज्यूपणाविषयी तेथील धर्मपीठाने विवाहाच्या संदर्भात शंका घेतल्याने मोठे आंदोलन झाले व १९६४ मध्ये ती बाब त्यांच्या बाजूने निकालात निघाली. त्यानंतर परतीची मागणी पुन्हा मूळ धरू शकली नाही. आज इझ्राएलमधील बेने इझ्राएल कुटुंबे मलिद्याचा विधी पाळतात आणि त्यांतील काही अलिबागजवळील एलियाहू हानबीच्या स्थानाला भेट देतात. ही भेट आहे, परतणे नव्हे, याची त्यांना स्वतःलाही जाणीव असते.

शासन व कायदा : १९४८ च्या मानवी हक्कांच्या वैश्विक जाहीरनाम्यातील तेराव्या अनुच्छेदाने कोणताही देश सोडण्याचा आणि स्वतःच्या देशात परतण्याचा हक्क मान्य केला आहे. परतण्यास उत्तेजन देणारी शासने मात्र पुष्कळदा पाहुण्यास निरोप देण्याच्या भूमिकेतून ते देतात. पश्चिम जर्मनीने १९७३ मध्ये परदेशी कामगारांची भरती थांबविली आणि १९८३ च्या कायद्यान्वये देश सोडून जाणाऱ्या बेकार कामगारास साडेदहा हजार मार्क व प्रत्येक मुलामागे दीड हजार मार्क देऊ केले. त्यानुसार तुर्कस्तानात परतलेल्या कुटुंबांतील मुलांना तेथील शाळांत 'जर्मनवाले' म्हणून वेगळे ओळखले जाई. भारतात २००५ पासून परदेशी नागरिकत्व घेतलेल्या भारतीयांना व भारतीय वंशाच्या लोकांना 'ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया' हा दर्जा मिळू शकतो. त्यान्वये भारतात कितीही काळ राहता येते व घर घेता येते. मतदान करता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही.